मीठ किल्ल्याच्या बाजूला

आमच्या घरात मीठ किल्ल्याच्या बाजूला असतं. साखर नदीच्या बाजूला. नवा पाहुणा स्वयंपाकघरात मदतीला आला आणि त्यानं मिठाची चौकशी केली, की आमच्यापैकी कुणीतरी आपोआप तसंच उत्तर देतं, आणि तो बिचारा खिडकीबाहेर बघू लागतो. खिडकीबाहेर शेजाऱ्याचं गराज असतं. अमेरिकेत श्रूजबरीतल्या आमच्या या भागात किल्ला नाही, आणि नदी म्हणून दाखवता येईल असं एक पाणी आहे, त्याला गावचे लोक ओढासुद्धा म्हणत नाहीत.

ही सवय आम्हाला आमच्या घरमालकांनी लावली. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी नोकरीला श्रूजबरीत होतो, पण तिथली भाडी परवडत नव्हती, म्हणून अलीकडे वुस्टरच्या एका चढावरच्या तीन मजली लाकडी घरात राहत होतो. खाली मालक, मध्ये आम्ही, वर कधी कुणी, कधी कुणी. मालक इटलीतले. तरुणपणी एका डोंगरावरच्या गावातून निघाले ते थेट इथल्या तारेच्या कारखान्यात येऊन लागले, आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घर, मागचं अंगण, अंजिराचं एक झाड आणि ते.

माझी मुलगी ऋता तेव्हा लहान होती. आपल्याकडच्या शिस्तीप्रमाणे आम्ही तिला शिकवलं, की खालच्या मजल्यावरच्यांना ‘काका’ म्हणायचं. पहिल्याच दिवशी तिनं जिन्यातून हाक मारली आणि म्हाताऱ्यांचा चेहरा पडला. ते दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे लहान मूल लंगोट खराब झाल्याची वर्दी नेमक्या त्याच शब्दानं देतं. त्या क्षणी त्यांना आम्ही ‘आजोबा’ केलं. बढती त्यांनी लगेच स्वीकारली. मला ते ‘इंजिनिअर’ म्हणायचे आणि माझ्या बायकोला ‘सिन्योरा’. या दोन हाका मारताना त्यांच्या आवाजात जो फरक पडायचा, त्यावरून घरातलं माझं स्थान कुणालाही कळलं असतं.

डावं-उजवं त्यांना मान्य नव्हतं. “डावं कुणाचं? तुझं की माझं?” असं ते विचारायचे. “तू वळलास की तुझं डावं पळून जातं. किल्ला पळत नाही.” त्यांच्या गावात म्हणे डोंगराच्या माथ्यावर किल्ला होता, तळाला नदी होती, आणि मध्ये लटकल्यासारखं गाव. तिथं प्रत्येक गोष्टीला दोनच बाजू, किल्ल्याची आणि नदीची. बैलाचं किल्ल्याकडचं शिंग, आजीचा नदीकडचा गुडघा. वुस्टरला आल्यावर त्यांनी काय केलं, तर आमच्या रस्त्याचा चढ होता ती किल्ल्याची बाजू ठरवली आणि उतार नदीची. “इंजिनिअर, तुझी गाडी नदीकडे सरकव,” असं त्यांनी म्हटलं की पहिले काही महिने मी अंगणात उभा राहून बावळटासारखा चारी दिशांना बघत असे. ऋतानं मात्र आठवड्यात पकडलं. एकदा शाळेतून चिठ्ठी आली, की मुलीला लेफ्ट-राइट समजत नाही, तपासून घ्या. “बट दे डोन्ट हॅव अ कॅसल, बाबा,” असं तिनं शाळेच्या वतीनं मला समजावून सांगितलं.

ते ‘माझा देश’ म्हणाले की आम्हाला वाटायचं, इटली. वर्षभरानं उलगडा झाला, की त्यांचा देश किल्ल्याची सावली जिथवर पडते तिथं संपतो. नदीपलीकडच्या गावाचे लोक परके. त्यांचा पाव खारट, त्यांच्या बायका मोठ्यानं हसणाऱ्या, आणि त्यांच्या चर्चची घंटा चिरकी. “पण आजोबा, तुमची आई कुठली?” माझ्या बायकोनं विचारलं. “पलीकडची,” ते खाली मान घालून म्हणाले. “पण ती सुधारली.”

माझंही गाव सातारा जिल्ह्यात एका गडाच्या पायथ्याशी आहे, हे मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. जणू मी त्यांच्याच खिशातून काहीतरी काढून त्यांना दाखवत होतो.

“तुझ्या किल्ल्यावर कोण राहतं?”

“आता माकडं. तुमच्या?”

“घुबडं.”

थोडा वेळ विचार करून म्हणाले, “म्हणजे दोघांचेही राजे गेले. ठीक आहे.” तेव्हापासून मला त्यांच्या टेबलावर जागा मिळाली. नदीच्या बाजूला.

आता त्या अंजिराविषयी. गाव सोडताना त्यांनी किल्ल्याच्या भिंतीत उगवलेल्या अंजिराची काटकी बुटात खुपसून आणली होती. तिचंच हे झाड. पण मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत अंजीर उभं राहिलं तर मरतं. म्हणून पानं गळली की ते त्याला पुरायचे. हे मी प्रथम पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. सगळ्या फांद्या दोरीनं मोळीसारख्या बांधायच्या, झाडाच्या एका बाजूची मुळं फावड्यानं तोडून सैल करायची, झाडाच्या लांबीचा चर खणायचा आणि झाडाला हळूहळू, बोलत बोलत, आडवं करायचं. वर फळ्या, फळ्यांवर पाचोळा, जुने कोट, ताडपत्री आणि माती. वसंतात उकरून परत उभं करायचं. आमच्या खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, अंगणात कुणाचं तरी दफन चाललंय. बायको म्हणाली होती, “अहो, खाली जाऊन विचारा तरी. पोलीस आले तर आपलं ग्रीन कार्ड जायचं.” मी विचारायला गेलो आणि दोरी धरायला लागलो. पुढे दर वर्षी धरत राहिलो.

“मरत नाही ते,” आजोबा सांगायचे. “झोपतं. ज्याला झोपता येत नाही तो हिवाळ्यात मरतो.”

दर रविवारी सकाळी ते गावाकडे फोन करायचे. पलीकडे त्यांची थोरली बहीण असायची. आई लवकर गेल्यावर हिनंच त्यांना वाढवलं. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, अजून किल्ल्याखालच्या त्याच घरात राहत होती. दोघं इतक्या मोठ्यानं बोलायची की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं असं वाटावं. भाषा कळत नसली तरी भांडण कळायचं. ती म्हणायची, ये. हे म्हणायचे, येईन. मग हे कारण सांगायचे. गाव सोडल्यापासून आजोबा एकदाही परत गेले नव्हते, आणि कारण होतं अंजीर. वसंतात त्याला उठवायचं, उन्हाळ्यात फळं, शरदात पुरायचं. “आणि हिवाळ्यात?” माझ्या बायकोनं एकदा विचारलं. “तेव्हा तर झाड झोपलेलं असतं की.”

“सिन्योरा,” आजोबा म्हणाले, “झोपलेल्या माणसाला एकटं टाकून कोण जातं?”

वर आल्यावर बायको मला म्हणाली, “त्यांचं अंजीर आणि तुमचं प्रोजेक्ट.” मी ऐकू न आल्यासारखं केलं. गावी माझी आई एकटी होती, आणि मीही बरीच वर्षं गेलो नव्हतो. आधी ग्रीन कार्ड अडकलं होतं म्हणून, मग प्रोजेक्ट, मग तिकिटं महाग. आणखी एक कारण होतं, ते मी जरा अभिमानानं सांगायचो, कारण ते धार्मिक होतं. बायकोनं खूप जपून कुंडीत तुळस वाढवली होती. हिवाळ्यात ती गरम खिडकीशी ठेवून रोज बघावी लागे. आम्ही गेलो तर तुळस जाणार.

एका वर्षी पानगळीच्या सुरुवातीला, एका रविवारी खालून ओरडण्याचा आवाज आला नाही. फोन लवकर संपला. मी काहीतरी निमित्त काढून खाली गेलो, तर आजोबा टेबलाशी बसले होते आणि समोरची कॉफी तशीच होती.

“तिची नजर जातेय,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणाला, थांबवता येणार नाही. ती म्हणाली, मला दिसतंय तोवर ये. मला तुझं तोंड बघायचंय.”

“मग जा ना, आजोबा.”

“अंजीर?”

“ते मी बघतो.”

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. कीबोर्डवर वाढलेल्या माझ्या हातांविषयी त्यांचं मत त्यांनी कधी लपवलं नव्हतं. “तू दोरी चांगली धरतोस,” एवढंच ते म्हणाले, आणि विषय मिटला.

दिवाळी आली. ऋताला किल्ला दाखवायचा म्हणून मी मागच्या अंगणात माती खणायला घेतली. आईनं पार्सलमधून चकली-शेवेबरोबर मातीचे मावळे आणि सिंहासनावरचे महाराज पाठवले होते. एका मावळ्याची ढाल प्रवासात तुटली होती, पण शौर्यात फरक नव्हता. थंडी अशी, की चिखल कालवताना बोटं जागेवर आहेत की नाहीत ते मोजून बघावं लागे. ऋता म्हणत होती, “बाबा, धिस इज सो कोल्ड, इट्स नॉट इव्हन फन.” मी म्हणत होतो, मजा येतेय, मजा येतेय. आणि वर अळीव पेरले. ते अशा थंडीत उगवणार नव्हते हे मला ठाऊक होतं, पण किल्ल्यावर अळीव पेरायचे असतात.

आजोबा पायरीवर येऊन उभे राहिले. “हे काय?”

मी सांगितलं, आमच्याकडे या सणाला मुलं किल्ला करतात.

“सगळ्या घरांत?”

“सगळ्या.”

एका अख्ख्या मुलखातली पोरं दर वर्षी घराघरासमोर किल्ले बांधतात, ही गोष्ट इतकी वर्षं आपल्याला कुणी सांगितली कशी नाही, असा राग त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग खाली आले आणि माझी चूक दाखवली. “गाव कुठंय? किल्ला आहे, गाव नाही. मग हा कुणाचा किल्ला? कोण बघणार याच्याकडे वर मान करून?”

त्यांनी खुर्ची मागवली, बाह्या सावरल्या आणि माझी बदली दगड वेचण्यावर झाली. सिन्योरानं चिखल कालवायचा, ऋतानं घरं थापायची. माझ्या बुरुजाखाली त्यांचं गाव उतरू लागलं. इथं चर्च. इथून पायऱ्या. इथं पाण्याचा हौद, बायका इथं कपडे धुतात आणि दुसऱ्यांच्या घरातलं बोलतात. इथं न्हावी, तो चोर आहे. महाराज गादीवरून सगळं बघत होते. मावळे पायऱ्यांवर उभे राहिले. आजोबांनी एकाला उचलून हौदाशी ठेवलं. म्हणाले, “हा तरुण आहे, हा इथंच असणार.” गल्ली हौदाकडून वळली, आणि वळणावर ऋतानं एक घर थापलं.

“हे तुमचं?” तिनं विचारलं.

“माझं.”

“व्हेअर इज द डोअर? कॅसलच्या साइडला की रिव्हरच्या साइडला?”

तिनं बोट तयार ठेवलं होतं, दाराचं भोक पाडायला. आजोबांनी त्या घराभोवती हवेत एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं हात नेला. उठून उभे राहिले, गल्लीतून दोन बोटांनी चालत आल्यासारखं केलं, पुन्हा थांबले. न्हाव्याच्या दुकानाच्या दाराला कोणत्या रंगाचा पडदा होता हे त्यांनी आम्हाला नुकतंच सांगितलं होतं. स्वतःच्या घराचं दार त्यांना आठवत नव्हतं.

“आजोबा, कुठंही करू,” मी म्हणालो. “मातीचंच आहे.”

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यामुळे मी परत दगड वेचायला गेलो.

वार गुरुवार होता. तरी ते आत गेले आणि त्यांनी फोन लावला. बहीण घाबरली असणार, कारण बराच वेळ तेच तिला समजावत होते, की नाही, कुणी मेलेलं नाही. मग त्यांनी प्रश्न विचारला. मग पलीकडून हसणं. ते आम्हाला अंगणात ऐकू आलं असं मी म्हटलं तर खोटं ठरेल, पण त्यांचा पडलेला चेहरा आम्हाला उघड्या दारातून दिसत होता.

बाहेर येऊन ते म्हणाले, “सांगत नाही म्हणाली. म्हणाली, येऊन बघ.”

ऋताचं बोट अजून चिखलात होतं. “सो आय शूड वेट?” तिनं विचारलं.

“थांब,” आजोबा म्हणाले.

संध्याकाळी ते वर आले. हातात दोन जुने कोट होते. ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवले. “हे सर्वात वर टाकायचे. अस्तर खाली. मुळं नदीच्या बाजूची तोडायची, किल्ल्याच्या बाजूची नाही. वाकवताना घाई केलीस तर मला तिथं कळेल.”

ते गेले आणि शेवटचं पान गळाल्यावर मी अंजीर पुरलं. बायकोनं दोरी धरली, कारण दोरी धरणारा आता फावड्यावर होता. आजोबा झाडाशी इटालियनमध्ये बोलायचे. मला येत नव्हतं, म्हणून मी मराठीत बोललो. “ये बाबा, ये, हळूच.” झाड अर्ध्यावर आलं आणि काडकन आवाज झाला. एक जाड फांदी बुंध्याशी चिरली होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. हिनं वर जाऊन स्वतःची एक जुनी सुती साडी आणली, फाडून पट्ट्या केल्या आणि मोडलेला हात बांधावा तशी ती फांदी बांधली. “झोपू दे आता,” ती म्हणाली. तो सबंध हिवाळा मी ऑफिसात कोड लिहीत होतो आणि मनात त्या फांदीकडे बघत होतो. बर्फ पडला की वाटायचं, गेलं. थोडं ऊन पडलं की वाटायचं, कुजलं.

बर्फ वितळल्यावर आजोबा परतले. आल्या आल्या कोट न काढता मागे गेले. माती काढली, फळ्या काढल्या, दोरी सोडली. फिकट हिरव्या काठाची साडी दिसली तेव्हा थांबले.

“हे काय?”

“चिरली होती,” मी म्हणालो.

त्यांनी पट्टीवरून हात फिरवला, पण सोडली नाही. झाड उभं केलं आणि ते उन्हाळ्यात साडीसकट पानावर आलं. गल्लीतले लोक विचारायचे, तेव्हा आजोबा सांगायचे, “ऑपरेशन झालंय.”

गावाविषयी ते फार बोलले नाहीत, याचं आम्हाला नवल वाटलं. ऋतानंच विषय काढला. तिला तिच्या दाराची काळजी होती.

“नदीच्या बाजूला,” ते म्हणाले. “पण माझं चुकलं नव्हतं. मी त्या दारानं कधी आलोच नाही. मला रोज उशीर व्हायचा आणि ती दार लावून घ्यायची. मी किल्ल्याच्या बाजूच्या खिडकीतून उडी मारायचो. मला दार आठवणार कसं?” मग म्हणाले, “तिलाच आठवलं हे. मी गेलो तेव्हा ती खिडकी उघडी ठेवून बसली होती. म्हणाली, जिवंत असशील तर इथूनच येशील.”

“आणि तुम्ही?”

“या वयात? दारानं गेलो. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून खिडकीशी नेलं. उजेडात. म्हणाली, म्हातारा झालास, आता मला पुरे.”

पुढच्या उन्हाळ्यात तिची नजर पूर्ण गेली. रविवारचे फोन चालूच राहिले, ओरडणंही, पण त्यातलं ‘ये’ नाहीसं झालं. “आता तिला मी पाठ आहे,” आजोबा म्हणायचे.

ते परतले त्याच वर्षी, अंजीर पानावर आल्यावर, त्यांचा मोर्चा माझ्याकडे वळला. “इंजिनिअर, तुझ्या आईला दिसतं ना अजून?” मी प्रोजेक्ट सांगितलं, तिकिटं सांगितली, आणि शेवटी माझं ठेवणीतलं कारण काढलं, तुळस. बायको माझ्याकडे बघत होती.

“मी बघतो तिच्याकडे,” आजोबा म्हणाले. म्हणजे जे उत्तर मी त्यांना दिलं होतं, तेच. आता त्यांच्या हातांविषयी शंका घ्यायची माझी काय छाती?

डिसेंबरात आम्ही गेलो. परत आलो तेव्हा खिडकीशी तुळस नव्हती. आजोबांनी आम्हाला मागच्या दारातून अंगणात नेलं आणि हसऱ्या चेहऱ्यानं बोट दाखवलं. बर्फाखाली अंजिराच्या लांब उंचवट्याला चिकटून एक छोटा उंचवटा होता.

“पानं गाळायला लागली,” ते म्हणाले. “म्हणजे झोप मागत होती. झोपवली.”

मी बायकोकडे पाहिलं. तुळशीला हात लावण्याआधी आंघोळ करणारी ही बाई, तिची तुळस कुंडीसकट, कारखान्यातल्या कोटात गुंडाळून गाडलेली. ती एवढंच म्हणाली, “चांगलं केलंत, आजोबा.” मग वर येऊन पुष्कळ वेळ नळ सोडून भांडी घासली. भांडी घासलेलीच होती.

वसंतात कुंडीत काळ्या काड्या निघाल्या. आजोबांनी त्या दिवसभर पुन्हा पुन्हा जाऊन बघितल्या. दुसऱ्या दिवशी हिनं हळदीकुंकवाच्या डबीत जपलेल्या मंजिऱ्या चोळून त्याच कुंडीत टाकल्या, आणि मला डोळ्यांनी गप्प केलं. ऊन तापल्यावर हिरवे ठिपके वर आले. “बघितलंस?” आजोबा मला म्हणाले. “झोपली होती.” त्या गल्लीत अजून कुणी राहत असेल तर तो आपल्या नातवंडांना सांगत असेल, की भारतीयांची पवित्र झाडं हिवाळ्यात पुरायची असतात.

आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर माझी आई गेली. ते अंजीर आता श्रूजबरीतल्या आमच्या घरी आहे, काटकीच्या रूपानं आणलेलं, आणि दर वर्षी ते मी पुरतो. अजून घाईच करतो.

पण त्या डिसेंबरातली एक गोष्ट मी त्यांना परतल्यावर सांगितली होती, आणि त्यांनी ती मला पुन्हा पुन्हा सांगायला लावली. गावी पोचलो त्याच दिवशी आई चुलीवर पिठलं करत होती. मी शेजारी बसलो होतो. गेल्या काही वर्षांत ती वाकली होती, आणि माझ्याकडे सारखी बघत होती, पण बघतेय असं दाखवत नव्हती. तिनं मला चव बघायला दिली. मीठ कमी होतं. घरातल्या घरात बोलावं तसा मी बोलून गेलो, “आई, मीठ दे जरा. किल्ल्याच्या बाजूला असेल.”

बायकोनं मान वर केली. ऋताही थांबली. आईनं काहीच विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गड दिसत होता. ती त्या बाजूला वळली, फळीवरची बरणी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.